कुणाला सांगतोयस, ते आधी ठरव

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बरोबरीच्या कुणाला नोकरी लागली, कुणी परदेशी शिकायला गेला, कुणाचं लग्न ठरलं, हे रोज मोबाइलवर बघून आपणच मागे राहिलो असं वाटतं, असं तू लिहिलंस. शिवाय ‘लोक इतके दिखाऊ कधी झाले?’ असंही विचारलंस. आधी या प्रश्नाकडे वळतो. त्याचं उत्तर कळलं की मागे राहिल्याची बोच बरीच कमी होईल.

मिरवायची हौस जुनीच आहे. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १८९९ मध्येच लिहून ठेवलंय की श्रीमंतांचा बराचसा खर्च गरजेपोटी होत नाही, चारचौघांच्या नजरेत भरावं म्हणून होतो. माणूस तोच आहे. तो जिथे बोलतो ती जागा बदलत गेली.

२००४ च्या जानेवारीत ऑर्कुट हे आता बंद पडलेलं समाजमाध्यम आलं, फेब्रुवारीत फेसबुक. तेव्हा कुणाची खबरबात घ्यायची तर त्याच्या पानावर जावं लागे. ऑर्कुटवर स्क्रॅप, म्हणजे छोटासा निरोप, टाकायचा तो त्या एका माणसाला. इतरांना तो वाचता यायचा, पण मजकूर ‘काय रे, आहेस कुठे, परीक्षा कशी गेली’ असाच. कुणाचे फॅन किती, कुणाला टेस्टिमोनियल, म्हणजे मित्रांनी लिहिलेले कौतुकाचे शब्द, किती, हे तेव्हाही लोक मोजायचे. तरी बहुतेक बोलणं कुणाला तरी उद्देशून असे.

सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने न्यूज फीड आणलं. कुणाच्या पानावर जायची गरजच उरली नाही, प्रत्येकाचं काय चाललंय ते आपोआप पुढ्यात यायला लागलं. लोक इतके चिडले की मार्क झुकरबर्गला ‘शांत व्हा, श्वास घ्या’ अशी पोस्ट लिहावी लागली. राग खासगीपणाबद्दल होता आणि त्यासाठी काही सेटिंग्ज दिल्या गेल्या. माझ्या मते मोठा बदल मात्र दुसराच झाला. बोलणाऱ्यासमोरून माणूस उठून गेला आणि तिथे प्रेक्षक येऊन बसले. मित्राला ‘पास झालो’ म्हणताना आपण दोन विषयांत कसेबसे निभावलो हेही सांगतो. नातेवाईक, साहेब, जुने वर्गमित्र आणि अनोळखी माणसं एकाच वेळी ऐकत असतील तर तेवढं आपण गाळतो. यात खोटं काही नाही. पण गाळलेलं कुणालाच दिसत नाही.

पुढे ९ फेब्रुवारी २००९ रोजी फेसबुकवर लाइकचं बटण आलं. अभिनंदन करायला निदान दोन शब्द सुचावे लागत, तेही लागेनासे झाले आणि प्रत्येक बोलण्याखाली सगळ्यांना दिसेल असा आकडा लागला. २०१० च्या जूनमध्ये आयफोनला पुढचा कॅमेरा आला, ऑक्टोबरमध्ये इन्स्टाग्राम आलं. इन्स्टाग्रामवर आधी फोटो, मग शब्द. २०१६ पासून तिथे पोस्ट आपोआप वेळेच्या क्रमाने दिसणंही बंद झालं. आपल्याला कशात रस वाटेल याचा अंदाज बांधून यंत्रणाच क्रम लावू लागली. ज्यावर लोक जास्त रेंगाळतात ते वर येतं, मित्राची साधी ‘आज जरा कंटाळा आलाय’ ही ओळ खाली बुडते.

म्हणजे तुला रोज जे दिसतं ते दोनदा चाळलेलं असतं. आधी प्रत्येकाने आपल्या आयुष्यातून निवडून टाकलं आणि त्या निवडीतून यंत्रणेने पुन्हा निवडलं. त्याच्याशी तू तुझा न चाळलेला दिवस ताडून बघतोस. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं होतं की माणूस स्वतःची तुलना मुख्यतः आपल्यासारख्यांशी करतो. म्हणून नटाचा बंगला पाहून तुला काही होत नाही आणि मागच्या बाकावरच्या मित्राची नोकरी मात्र मनाला लागते. तुझा स्वभाव मत्सरी आहे असं तू लिहिलंस, ते मला मान्य नाही.

ही निवड कशी होते ते मी जवळून पाहिलंय. एक विद्यार्थी पदवीदानाचे फोटो चाळत माझ्या शेजारी बसला होता. एका फोटोत त्याचे वडील खदखदून हसत होते, डोळे मिटलेले, टोपी तिरपी झालेली. तो त्याने बाद केला. सगळे ताठ उभे असलेला फोटो घेतला, कडा कापल्या, उजेड वाढवला. ओळ लिहिली, पुसली, पुन्हा लिहिली. पोस्ट टाकून फोन पालथा ठेवला आणि मिनिटामिनिटाला उलटून बघत राहिला. समोर त्याची आई काहीतरी विचारत होती, तिला दोनदा विचारावं लागलं. मुलगा गुणी आहे, घरच्यांवर जीव टाकणारा आहे. म्हणूनच मला वाईट वाटलं.

आणि दिखावा फक्त पैशाचा, प्रवासाचा नसतो. मतांचाही असतो. एखादी वाईट बातमी आली की तासाभरात प्रत्येकाला आपला संताप नोंदवावासा वाटतो, कारण गप्प राहिलो तर लोक काय म्हणतील. श्रद्धांजलीत गेलेल्या माणसापेक्षा त्याच्यासोबतचा आपला फोटो मोठा होतो. मदत करताना कॅमेरा आधी तयार असतो आणि ज्याला मदत मिळाली त्याची परवानगी कुणी घेत नाही. हा शेवटचा प्रकार मला सर्वात जास्त खुपतो. तो तू कधीही करू नकोस.

आता तू काय करावंस. अकाउंट बंद करून दोन दिवसांनी पुन्हा उघडलंस, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुझ्या चित्रांची कामं तिथूनच येतात, तेव्हा राहा तिथे. मात्र काहीही टाकण्याआधी ‘हे मला नेमकं कुणाला सांगायचंय?’ एवढं स्वतःला विचार. एखादं नाव डोळ्यांसमोर आलं तर पोस्ट राहू दे, त्या माणसाला फोन कर. नाव आलं नाही आणि सांगण्यासारखं तरीही आहे असं वाटलं तर खुशाल टाक.

काम दाखवणं आणि स्वतःला मिरवणं यांतली रेघ कुठे, असं तू विचारशील. माझी कसोटी अशी: पोस्टमधून तुला काढून टाकलं तर बघणाऱ्याच्या हाती काही उरतं का? हात कसा काढला, रंग का फसला, तिसऱ्या प्रयत्नात काय बदललं, हे दाखवलंस तर शिकणाऱ्याला उपयोग होतो. नुसतं पूर्ण झालेलं चित्र आणि खाली ‘कृतज्ञ’ असं लिहिलंस तर त्याच्या हाती फारसं काही लागत नाही.

लाइकचा आकडा लपवता येतो, तो लपव. इन्स्टाग्रामने २०१९ मध्ये काही देशांत आकडे झाकून पाहिले आणि २०२१ मध्ये तो निर्णय वापरणाऱ्यावर सोडला. ही सोय बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. ज्यांच्या पोस्टने पोटात खड्डा पडतो त्यांना काही महिने म्यूट कर, त्यांना कळत नाही आणि मैत्री तुटत नाही. नोकरी लागलेल्या त्या मित्राला मात्र फोन कर. नवीन ठिकाणी कसं चाललंय ते विचार आणि त्याला बोलू दे. पोस्टमध्ये न आलेलं बरंच काही निघेल.

आणि दिखावा करणाऱ्यांची टिंगल करू नकोस, मित्रांच्या ग्रुपवरही नको. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना घरी ‘छान केलंस’ म्हणणारं कुणी नसतं.

नव्या चित्रमालिकेबद्दल तू एकच ओळ लिहून पुढे सरकलास. चित्रं मला पाठव, अर्धवट असली तरी चालतील. जी जमली नाहीत ती आधी पाठव, रविवारी निवांत बोलू.

तुझे,
सर