अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळींना कॉलेजात ‘वेस्टर्न सिव्हिलायझेशन’ (पाश्चात्त्य संस्कृती) हा विषय सक्तीचा का हवा असतो?

नागरिक घडवावा लागतो, ही त्यांची मूळ धारणा. अथेन्स, रोम, बायबल, मॅग्ना कार्टा (इंग्लंडच्या राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद), अमेरिकेची १७८७ची राज्यघटना ठाऊक नसेल, तर सत्तेवर बंधनं का घातली हेच मतदाराला कळणार नाही, असं ते म्हणतात. म्हणून तर १९८८मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने ‘वेस्टर्न कल्चर’ हा सक्तीचा कोर्स बदलला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट थेट कॅम्पसवर जाऊन टीका करून आले. मिशिगनमधलं हिल्सडेल कॉलेज राज्यघटनेचा कोर्स सगळ्यांनाच करायला लावतं. हस्तक्षेप नको म्हणून केंद्र सरकारचा पैसाही घेत नाही (हा बाणेदारपणा महागात पडतो, पण देणगीदार तगडे आहेत). मूळ ग्रंथ वाचण्याचा आग्रह मला पटतो. मात्र स्वतः गुलामगिरीतून निसटलेला आणि तिच्यावर तुटून पडणारा कृष्णवर्णीय नेता फ्रेडरिक डग्लसही याच वारशाच्या भाषेत बोलत होता, हे त्यांच्यातले काही जण सोयीस्कररीत्या विसरतात.