भिंतीतली वायर आणि सबवूफरची घूंऽऽ

प्रश्न : हॉलमध्ये होम थिएटर बसवतोय. रिसीव्हर (स्पीकरांना आवाज वाटून देणारा डबा) टीव्हीखाली, सबवूफर (खर्जाचा स्पीकर) समोरच्या कोपऱ्यात. वायर साधारण १२ मीटर लागेल. सबवूफरला विजेचा वेगळा प्लग आहे. वायरमन म्हणतो, स्पीकरचीच जाड वायर लाइटच्या पाइपातून नेऊ. चालेल का?

उत्तर : स्पीकरची वायर नको, लाइटचा पाइप तर मुळीच नको.

वेगळा प्लग आहे, म्हणजे अँप्लिफायर सबवूफरच्या पोटातच आहे. रिसीव्हरकडून त्याच्याकडे जातो तो एखाद-दुसऱ्या व्होल्टचा नाजूक सिग्नल. स्पीकरच्या वायरीला शील्ड, म्हणजे बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारं धातूचं आवरण, नसतं, त्यामुळे शेजारच्या विजेच्या वायरीतली ५० किंवा ६० हर्ट्‌झची गुणगुण ती सहज उचलते. सबवूफर वाजवतो साधारण २० ते १२० हर्ट्‌झ, म्हणजे ही गुणगुण त्याला आयतीच सापडते. सिनेमा बंद, तरी कोपऱ्यात घूंऽऽ चालूच.

डिशला वापरतात ती आरजी-६ कोअॅक्स केबल घ्या : मधे एक तार, भोवती शील्डची जाळी. ‘सबवूफर केबल’ म्हणून महाग विकतात, ती बहुतेक वेळा हीच, कपडे बदललेली. मधली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची असली तरी इथे बिघडत नाही. जाळी मात्र तांब्याची आणि दाट विणीची बघा. सिग्नलचा परतीचा रस्ता तीच असते. १२ मीटर अंतर तिला काहीच नाही.

पाइप स्वतंत्र टाका, २५ मिलिमीटरचा. विजेच्या पाइपाला समांतर जायचं असेल तर फूटभर लांबून न्या, ओलांडायचा असेल तर काटकोनात.

माझ्या घरी मी शहाणपणा करून पिन लावलेलीच केबल ओढली होती. दुसऱ्या बेंडला अडकली, मी हिसका दिला, पिनेतलं सोल्डर सुटलं. कळलं ते प्लास्टर झाल्यावर. तेव्हा केबल नुसती ओढा, पिना नंतर लावा. प्लास्टरआधी एका टोकाला मधली तार आणि जाळी जोडून दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर (जोड सलग आहे का ते बीप करून सांगणारा मीटर) लावा : बीप यायला हवा, आणि जोड सोडला की थांबायला हवा. पुढे कधी दुसरी केबल ओढायला पाइपात एक नायलॉनची दोरीही सोडून ठेवा.

आणि हो, तो कोपरा कोणी ठरवला? पाइपासाठी भिंतीत झिरी मारण्याआधी सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खर्जाचं काहीतरी लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे खर्ज फुगत नाही, स्वच्छ ऐकू येतो, तिथे त्याची जागा. मी रांगताना घरच्यांनी भरपूर हसून घेतलं, पण माझी झिरी दीड मीटर सरकली.