तालीम थांबव, हजेरी घे

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ऋतूच्या कार्यक्रमाला तीन आठवडे राहिलेत, मधल्या सुट्टीनंतर रोज तालीम असते, अभ्यास मागे पडतोय, मुलं चिडचिडी झालीत आणि घरी गेल्यावर तुझा आवाज बसलेला असतो. पहिलीचा वर्ग हाती आल्याला अजून वर्षही झालं नाही, त्यात हे. अभ्यास आणि उत्सव यांच्या ओढाताणीत आपण सापडलोय असं तू लिहिलंयस. मला विचारशील तर गाठ दुसरीकडे आहे. तुमचा उत्सव वर्गात उगवलेला नाही, तो बाहेरून आणून बसवलाय. म्हणून तो वर्गाचा वेळ खातो. रोज वर्गात जे चाललेलं असतं तेच त्या दिवशी पाहुण्यांसमोर मांडायचं ठरवलं, तर तालमीला उरतंच काय?

हे मी एका मुलामुळे शिकले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी पावसावरचा नाच बसवला होता. चार आठवडे तालीम चालली. एका मुलाला ताल जमेना. मी त्याला शेवटच्या रांगेत, पुठ्ठ्याच्या झाडामागे उभं केलं. कार्यक्रम छान झाला, टाळ्या पडल्या. नंतर त्याची आई त्याला विचारत होती, "तू कुठे होतास रे? मला दिसलाच नाहीस." तो म्हणाला, "मी झाडामागे होतो." तक्रारीचा सूरही नव्हता त्यात. आणि वर्षभर रोज सकाळी खिडकीशी उभा राहून ढगांचा रंग सांगणारा मुलगा तोच होता. आज येणार, आज नाही येणार, हे वर्गात सगळ्यांत नीट त्याला कळायचं. पावसाच्या कार्यक्रमात पाऊस ओळखणाऱ्या मुलालाच मी लपवलं होतं. ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

म्हणून तुला सांगते, सुरुवात हजेरीपासून कर. हजेरी म्हणजे आपण नावं पुकारायची आणि मुलांनी "हजर" म्हणायचं, एवढंच आपण करतो. ते काम मुलांना देऊन बघ. प्रत्येकाच्या नावाची एक पट्टी कर. दाराशी दोन खिसे असलेलं कापड टांग, एकावर घर, दुसऱ्यावर शाळा. मुलानं आत येताना आपली पट्टी शोधायची आणि घरातून शाळेत टाकायची. पहिल्या महिन्यात मूल फक्त आपलं नाव ओळखतं. दुसऱ्या महिन्यात शेजाऱ्याचं. मग एखादी येऊन सांगते, "बाई, माझ्या आणि हिच्या नावात सारखंच अक्षर आहे." वाचन इथे सुरू होतं, पाठ्यपुस्तकाचं पहिलं पान उघडण्याच्या कितीतरी आधी. घराच्या खिशात उरलेल्या पट्ट्या म्हणजे न आलेली मुलं. तीस मुलांत चार पट्ट्या उरल्या तर आज किती जण आले, ही वजाबाकी कुणी फळ्यावर लिहून दिलेली नसते. तिची गरज असते, कारण मधल्या सुट्टीत तेवढ्याच वाट्या काढायच्या असतात.

त्याच्याच शेजारी तारखेची आणि हवेची पाटी ठेव. रोज एका मुलानं बाहेर जाऊन आभाळ बघून यायचं आणि एका चौकटीत खूण करायची: ऊन, ढग, पाऊस, वारा. महिना संपला की खुणा उभ्या रांगांत चिकटवायच्या. कुठली रांग उंच ते लांबूनही दिसतं. आलेख हा शब्द त्यांना तीन-चार वर्षांनी भेटेल, वस्तू मात्र आत्ताच हातात आलेली असेल. एकोणतीस तारखेला जरा थांब. आपल्या भाषेतला हा आकडा मुलांना दरवेळी अडवतो. तोंडानं "तीस" ऐकू येतं आणि लिहायचे असतात 2 आणि 9. तारखेच्या पाटीवर उद्याच्या तिसाच्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवून "तिसाला एक कमी" असं म्हणून दाखव. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, सगळ्यांचं कोडं एकदम सुटतं.

आणि "परवा"! या शब्दाचं मला फार अप्रूप आहे. झालेला परवाही परवाच आणि येणारा परवाही परवाच. सहा वर्षांच्या मुलाला काळ अजून पुरता सापडलेला नसतो, त्यात आपली भाषा एकच शब्द दोन्ही बाजूंना वापरते. माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली होती, "परवा मी आजीकडे गेले होते, आणि परवा परत जाणार, म्हणजे मधले दिवस कुठे गेले?" मी उत्तर दिलं नाही. तिला पाटीपाशी नेलं. तिनं आजवर बोट ठेवलं, दोन घरं मागे मोजली, दोन घरं पुढे मोजली आणि समाधानानं जागेवर जाऊन बसली. ऋतू समजण्याआधी हे समजावं लागतं. ज्याला उद्या कळत नाही त्याला वसंत कसा कळणार?

आता ऋतू. त्यासाठी एक काठी पुरे. मैदानात उन्हाच्या जागी सरळ रोव. दर पंधरा दिवसांनी, घड्याळात नेहमीच्या एकाच वेळी, सावलीच्या टोकाशी खूण करा. खडूची खूण पुसली जाते, दगड ठेवा किंवा जमिनीत खुंटी ठोका. सावलीच्या मापाची सुतळी कापून, तिला तारखेची चिठ्ठी लावून वर्गात टांगा. चार-पाच महिन्यांनी भिंतीवर सुतळ्यांची रांग होते आणि मुलांना दिसतं की सावली लांबतेय किंवा आखडतेय. उत्तर गोलार्धात दुपारची सावली सर्वांत लांब असते ती 21-22 डिसेंबरच्या सुमारास. 20-21 मार्च आणि 22-23 सप्टेंबरला दिवस-रात्र जवळजवळ सारखे. ऋतूचा उत्सव ठेवायचाच, तर यांतल्या एखाद्या दिवसाच्या आसपास का ठेवू नये? पाहुणे आले की मुलं त्यांना काठीपाशी नेतील, शेवटची खूण सर्वांसमोर करतील, सुतळी कापतील. त्याची तालीम काय घेणार!

एक सावधगिरी. कुणीतरी नक्की विचारणार, "बाई, थंडीत सूर्य लांब जातो का?" आणि दमलेल्या दुपारी तू "हो" म्हणून मोकळी होशील. तसं करू नकोस. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण 14.7 कोटी किलोमीटरवर. सर्वांत दूर जाते जुलैच्या सुरुवातीला, साधारण 15.2 कोटी किलोमीटर. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून. हे सगळं पहिलीत सांगायचं नाही, पण तुला माहीत असलं पाहिजे, म्हणजे सोपं करण्याच्या नादात खोटं सांगितलं जाणार नाही. मुलाला एवढंच म्हण, "लांब जात नाही. आभाळात उंच असतो की खाली, ते आपण बघू या." भर दुपारी सूर्याकडे थेट बघायचं नाही हे मात्र त्याच वाक्यात सांग. आपल्याला सूर्य काठीवरूनच बघायचाय.

हस्तकलेबद्दल तू विचारलंयस, त्याचं थोडक्यात. आदल्या रात्री जागून तीस सारखी फुलं कापून नेऊ नकोस. मुलांनी त्यावर फक्त गोंद लावायचा आणि पालकांनी कौतुक करायचं, यात मुलाचं काय आहे? वाकडं फाडू दे. फाडणं, मळणं, मणी ओवणं, ओली माती दाबणं, हीच हाताची तयारी. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेची असतात आणि एकेक करत टणक होत जातात. शेवटचं तर नवव्या ते बाराव्या वर्षाच्या आसपास. पहिलीतल्या मुलाचं मनगट अजून घडतंय. त्याला पानभर अक्षरं गिरवायला बसवताना हे डोळ्यांसमोर ठेव.

बी रुजवण्याचा प्रयोग तू करतेच आहेस, छान. फक्त कुंडीत न करता काचेच्या बरणीत, ओल्या टिपकागदाच्या आणि काचेच्या मध्ये घेवड्याची बी ठेव. आधी मूळ बाहेर येतं, कोंब नंतर, हे मुलांना दिसू दे. चार दिवसांनी बरणी आडवी कर आणि विचार, आता मूळ कुठे जाईल? प्रत्येकाचा अंदाज फळ्यावर लिही. मूळ वळून पुन्हा खाली जातं तेव्हा वर्गात जी शांतता होते, ती मी कुठल्याच रंगमंचावर पाहिली नाही. रोजचं चित्र काढायला लाव, चांगलं नाही आलं तरी. त्या चित्रांची ओळ हेच तुझं त्या दिवसाचं प्रदर्शन.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञानं 1840 मध्ये आपल्या शाळेला किंडरगार्टन, मुलांची बाग, हे नाव दिलं तेव्हा तिथे खरीखुरी बाग होती आणि प्रत्येक मुलाचा त्यात छोटा वाफा होता. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साधनांऐवजी आसपास मिळेल तेच हाताशी घेतलं आणि मुलं शाळेत येईनात तर बालवाडीच अंगणात नेली. साहित्य नाही, जागा नाही, म्हणून कार्यक्रमच बरा, असं कुणी म्हणालं तर ही दोन नावं आठव.

मुख्याध्यापकांचं काय, हा तुझा खरा प्रश्न आहे, कळलं मला. त्यांच्याशी वाद घालायला जाऊ नकोस, टाचणवही, म्हणजे रोजच्या पाठांची नोंदवही, घेऊन जा. गेल्या आठवड्यात तालमीत किती तास गेले आणि त्यात कुठला घटक राहिला, ते दोन ओळींत दाखव. मग म्हण, गाणं एकच ठेवते, सगळ्यांनी मिळून म्हणायचं, बडबडगीत असलं तरी चालेल. बाकीचा वेळ मुलं पालकांना वर्गात फिरवतील. पालकांना खुर्च्यांवर रांगेत बसवायचंच नाही. मूल हात धरून नेणार: ही माझी पट्टी, ही माझी सुतळी, ही माझी बी. एकाच वेळी तीस कार्यक्रम, प्रत्येकाला एक प्रेक्षक. ज्याच्या घरून कुणी येऊ शकणार नाही त्याच्यासाठी आधीच माणूस ठरवून ठेव. शिपाईमामा, वरच्या वर्गातली एखादी ताई, तू स्वतः. हे विसरलीस तर बाकी सगळं करून काही उपयोग नाही.

पोशाख आणायला सांगू नकोस. ज्या घरात तो परवडत नाही तिथलं मूल त्या दिवशी आजारी पडतं, आणि आपण हजेरीवर रजा लिहून मोकळे होतो. आणि एखादं मूल गाणार नाही म्हणालं तर नको गाऊ दे. त्याच्या हातात सुतळी दे.

काठी कुठे रोवायची ते ठरलं की कळव. भिंतीजवळ नको. दुपार कलली की भिंतीचीच सावली काठीवर येते आणि मुलं खट्टू होतात.

तुझी,
बाई