इन्सुलिनचे युनिट आणि बिलाचे युनिट

प्रश्न : ऐरोलीतील एका कंपनीत मी अमेरिकी दवाखान्यांची बिले कोड करते, म्हणजे उपचार आणि निदाने ठरावीक कोडांत लिहिते. टाइप २ मधुमेहाच्या रुग्णाला साखर फार वाढल्याने दवाखान्यातच १२ युनिट झटपट काम करणारे इन्सुलिन अ‍ॅस्पार्ट दिले. मी इन्सुलिनच्या जे१८१५ या बिल-कोडासमोर १२ लिहिले आणि झेड७९.४ हा निदान-कोडही जोडला. दावा परत आला. रुग्ण घरी फक्त मेटफॉर्मिनच्या गोळ्या घेतो. काय चुकले?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : चुका दोन आहेत. जे१८१५ चे एक बिल-युनिट म्हणजे इन्सुलिनची ५ युनिटे. १२ ला ५ ने भागून अपूर्णांक वर न्यायचा, म्हणून ३ लिहायला हवे होते. (‘युनिट’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरणाऱ्यांनी कोडरांचा अंतच पाहिला आहे.) झेड७९.४ हा इन्सुलिनच्या दीर्घकालीन वापराचा कोड असल्यामुळे, साखर उतरवण्यासाठी त्या भेटीपुरते इन्सुलिन दिले असता तो लावत नाहीत. या रुग्णासाठी तोंडाने घ्यायच्या मधुमेहाच्या औषधांचा झेड७९.८४ योग्य ठरतो. डॉक्टरांनी रक्तशर्करा वाढल्याची नोंद केली असेल तर निदानाचा कोड ई११.६५ होतो.

लिस्प्रो (तशाच प्रकारचे दुसरे इन्सुलिन) आणि अ‍ॅस्पार्ट यांसाठी एस५५५१ हा स्वतंत्र कोड आहे, तोही दर ५ युनिटांना. मात्र मेडिकेअर (अमेरिकी सरकारचा, मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा) एस-कोड स्वीकारत नाही, त्यामुळे खासगी विमा कंपनीने मागितला तरच तो वापरावा. पंपातून दिलेल्या इन्सुलिनला जे१८१७ लागतो आणि तिथे एक बिल-युनिट ५० युनिटांचे असते. शिवाय रुग्ण स्वतः टोचून घेतो ते इन्सुलिन मेडिकेअरच्या भाग ‘बी’मध्ये (बाह्यरुग्ण उपचारांचा भाग) सहसा बसत नाही, तेव्हा युनिटे सुधारण्याआधी विमा कोणाचा आहे ते पाहा.