पंचवीस टक्के सवलत आणि बाबांची अर्धी गोळी

प्रश्न: मी बंगळूरला नोकरी करते, आई-बाबा मिरजेला असतात. बाबा ७४ वर्षांचे. त्यांना इन्सुलिन, बीपी आणि चार वर्षांपासून पार्किन्सन. आई ६९ची, तिला थायरॉइड आणि बीपी. दोघांच्या औषधांचं महिन्याचं बिल एमआरपीने ९,२०० रुपये होतं. एका ॲपवरून २० टक्के सवलतीत मागवते, पण गेल्या पाच महिन्यांत तीनदा गोंधळ झाला. एकदा पार्सल नऊ दिवस उशिरा आलं आणि दोनदा 'प्रिस्क्रिप्शन ग्राह्य नाही' म्हणून अर्धी ऑर्डर रद्द झाली. परताव्याचे ४,१५० रुपये १९ दिवसांनी ॲपच्या वॉलेटमध्ये आले, बँकेत नाही. आता तेच ॲप म्हणतंय की वर्षाचे ८०,००० आगाऊ भरा, २५ टक्के सवलत आणि 'प्राधान्याने घरपोच' घ्या. कोपऱ्यावरचे मेडिकलवाले काका १० टक्केच देतात. त्यांच्याकडे गेले तर या योजनेपेक्षा महिन्याला १,३८० रुपये जास्त जातील, वर्षाला १६,५६०. तेवढ्यात एक एसआयपी होते. काय करू?

उत्तर: नमस्कार. तुम्ही बिलं जोडलीत हे फार बरं केलंत. शनिवारी दुपारी ती वहीत मांडून बसले, कारण १६,५६० हा आकडा मला फार गुळगुळीत वाटला. सगळी औषधं वेळेवर आली, एकही रद्द झाली नाही आणि कुणाला धावपळ करावी लागली नाही, असं धरलं तरच तो खरा ठरतो.

तुमचे पाच महिने असे झाले. एमआरपीने एकूण औषधं ४६,००० रुपयांची. त्यातली ॲपवरून प्रत्यक्ष घरात आली ३३,४०० रुपयांची. उरलेली १२,६०० ची आईंनी ऐनवेळी जे दुकान उघडं दिसलं तिथून छापील किमतीला आणली. घाईच्या गिऱ्हाइकाला कुणी सवलत देत नाही. ॲपने दिलेली सवलत ६,६८० रुपये. त्यातून ऑर्डरचे तुकडे झाल्यामुळे लागलेले डिलिव्हरीचे ३४० वजा करा. आईंच्या तीन रिक्षाफेऱ्यांचे ३६० वजा करा. नुसता कागद नवा करून घेण्यासाठी डॉक्टरांकडे दोनदा जावं लागलं, त्याचे १,२०० वजा करा. हातात राहिले ४,७८०. काकांकडून सगळं घेतलं असतं तर दहा टक्क्यांनी ४,६०० सुटले असते.

फरक १८० रुपयांचा, तोही पाच महिन्यांत. दोघांची एक मिसळ आणि चहा.

बरं, हेच गोंधळ चालू राहिले आणि सवलत तेवढी २५ टक्के झाली, तर? तोही हिशोब केला. काकांच्या तुलनेत महिन्याला ३७० रुपये जास्त सुटतात, वर्षाला ४,४४०. त्यासाठी ८०,००० आज द्यायचे. ही रक्कम वर्षभरात संपत जाणार, म्हणजे सरासरी ४०,००० अडकलेले राहणार. सहा टक्क्यांनी धरलं तरी २,४०० व्याज बुडालं. राहिले दोन हजार. शिवाय जे वॉलेट फक्त त्याच ॲपवर वापरता येतं, त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, आणि बँकेतल्या ठेवीला असतं तसं पाच लाखांपर्यंतचं विमासंरक्षणही त्याला नाही. उद्या अटी बदलल्या तर तुम्ही काय करणार? ज्यांनी ४,१५० परत करायला १९ दिवस लावले, त्यांच्या हातात ८०,००० देऊ नका. माझं मत इतकं स्पष्ट आहे.

पण तुमच्या पत्रात मला सगळ्यात महाग वाटलेली ओळ रुपयांची नव्हतीच. पार्सल नऊ दिवस आलं नाही तेव्हा बाबांनी चार दिवस पार्किन्सनची गोळी अर्धी-अर्धी मोडून घेतली, 'पोरीला कशाला त्रास' म्हणून तुम्हाला सांगितलं नाही, आणि आईंच्या बोलण्यातून तुम्हाला कळलं की बाबांना शर्टाची बटणं लावता येत नव्हती. मी डॉक्टर नाही. पण लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सनची गोळी घड्याळ लावून घेतात आणि ती मनाने कमी करायची नसते, हे ज्या घरात हा आजार आहे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या चार दिवसांत बाबा न्हाणीघरात पडले असते तर? खुब्याच्या एका शस्त्रक्रियेच्या खर्चात अशा किती वर्षांच्या सवलती वाहून जातात, ते तुम्हीच मोजा.

आता ऑर्डर रद्द का होते ते बघू, कारण त्यात सगळा दोष ॲपचा नाही. तुम्ही पाठवलेल्या कागदाच्या फोटोत डॉक्टरांनी लिहिलंय 'सीएसटी, ३ महिने'. हे मुंबईचं स्टेशन नव्हे. 'कंटिन्यू सेम ट्रीटमेंट', म्हणजे आहे तेच चालू. दवाखान्यात ते चालतं, काकांनाही चालतं कारण बाबा काय घेतात ते त्यांना तोंडपाठ आहे. पण दूरच्या गोदामात बसलेल्या फार्मासिस्टला त्या कागदावर एकाही औषधाचं नाव दिसत नाही. तो रद्द करणारच, आणि नियमाने त्याचं बरोबर आहे. औषध नियम, १९४५ मधला ६५वा नियम सांगतो की डॉक्टरांनी पुन्हा देण्याबद्दल लिहिलेलं नसेल तर एका प्रिस्क्रिप्शनवर औषध एकदाच द्यायचं. म्हणून पुढच्या भेटीला डॉक्टरांना विनंती करा: प्रत्येक औषधाचं नाव, मात्रा आणि 'दर महिन्याला, सहा वेळा देणे' असं लिहा. शक्यतो छापील द्या. दोन मिनिटांचं काम आहे. ॲपवरून मागवा किंवा मागवू नका, हा कागद घरात हवाच.

त्याच भेटीत दुसरी गोष्ट काढा, आणि खरा पैसा इथे आहे. तुमचे ९,२०० मी तीन ढिगांत विभागले. इन्सुलिनची पेनं २,६०० ची. पार्किन्सनच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या १,७०० च्या. उरलेल्या ४,९०० मध्ये बीपी, कोलेस्टेरॉल, साखर आणि पित्ताच्या गोळ्या, आणि त्यातच १,४५० रुपयांची कॅल्शियम, व्हिटॅमिन आणि 'नसांची' म्हणून दिलेली कॅप्सूल. ही शेवटची पाकिटं कधी सुरू झाली आणि अजून लागतात का, एवढंच डॉक्टरांना विचारा. एखाद्या दुखण्यात सुरू झालेलं टॉनिक नंतर थांबवायचं राहून जातं, असं अनेक घरांत मी पाहिलंय.

राहिले ३,४५० रुपये. यातली बहुतेक जुनी, सर्रास दिली जाणारी औषधं आहेत आणि सरकारी योजनेतल्या जनऔषधी केंद्रात ती ब्रँडपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त मिळतात. देशात अशी १५,००० हून जास्त केंद्रं झाली आहेत. 'जनऔषधी सुगम' या सरकारी ॲपवर जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत दोन्ही दिसतं. कमीत कमी, म्हणजे निम्मीच किंमत धरली तरी १,७२५ सुटतात. काकांची या औषधांवरची सवलत जाईल, ३४५ रुपये. निव्वळ १,३८०. योगायोग बघा, ॲपच्या योजनेने दाखवलेलं आमिष नेमकं एवढंच होतं. इथे आगाऊ काही भरायचं नाही. फक्त डॉक्टरांनी जेनेरिक नाव, म्हणजे ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव, लिहून द्यायला हवं, कारण प्रिस्क्रिप्शनवर एक ब्रँड असताना दुकानदाराला स्वतःच्या मनाने दुसरा देता येत नाही. आईंची थायरॉइडची गोळी आणि बाबांची पार्किन्सनची मात्र पैशासाठी बदलू नका. त्यांत बदल करायचा तर तो डॉक्टरांनीच सुचवावा.

इन्सुलिन, पार्किन्सन आणि थायरॉइडची औषधं काकांकडून घ्या, दहा टक्क्यांनी. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. मे महिन्यात ते कुठल्या टेम्पोत किती तास होतं हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि काकांच्या फ्रिजपासून आईंच्या फ्रिजपर्यंत दहा मिनिटं लागतात. मला तर राहून राहून नवल वाटतं. १८९४ साली मिशन हॉस्पिटल निघाल्यापासून जे गाव दवाखान्यांसाठी ओळखलं जातं, जिथे कोल्हापूर-बेळगावकडून पेशंट येतात, त्या मिरजेत राहून आपण गोळ्या भलत्याच शहरातून मागवतो!

काकांशी घासाघीस जरा बेताने करा. सरकारने किंमत बांधलेल्या औषधांत दुकानदाराचा नफा त्याच्या खरेदीवर १६ टक्के धरलेला असतो; बाकीच्यांत साधारण २० टक्क्यांचा रिवाज आहे. दहा देऊन त्यांना फार उरत नाही. तुम्ही त्यांना दुसरं काहीतरी द्या: दर महिन्याच्या एक तारखेला यादी व्हॉट्सॲपवर, पैसे त्याच दिवशी यूपीआयने, आणि दुकानातल्या मुलाने सगळं घरी पोचवायचं. उधारी न ठेवणारं कायमचं गिऱ्हाईक म्हटल्यावर ते पार्किन्सनची गोळी तुमच्यासाठी आधीच मागवून ठेवतील.

आणि एक खर्च मी स्वतःहून वाढवणार आहे. आपण घरखर्चाचा सहा महिन्यांचा निधी बाजूला ठेवतो ना, तसा गोळ्यांचा एक महिन्याचा साठा घरात हवा. इन्सुलिन धरून एकदाच आठ-नऊ हजार लागतील. ते बचत खात्यातून काढा, त्यासाठी एसआयपी थांबवू नका. त्याहून जास्त साठवू नका, डॉक्टर मात्रा बदलतात आणि मग उरलेली पाकिटं पडून राहतात. माझ्या सासूबाई गोळ्या श्रीखंडाच्या दोन रिकाम्या डब्यांत ठेवतात. झाकणावर 'चालू' आणि 'पुढचा' अशी चिठ्ठी. 'पुढचा' उघडला की मला फोन येतो. तुमच्या आईंना हे ॲपपेक्षा सोपं जाईल.

कराचं थोडक्यात. बाबांना पार्किन्सनमुळे कुणी आरोग्यविमा दिला नाही असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर विमा नसलेल्या ज्येष्ठ आई-वडिलांच्या औषधोपचारावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, आपण ८०डी म्हणतो ती. पैसे रोखीने दिलेले नसावेत, म्हणून काकांना यूपीआयच करा आणि बिलं जपा. नव्या प्रणालीत यातलं काही नाही.

अजून एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. तुमची बिलं त्याच्या दोन्ही बाजूंची आहेत, पण दोन गोळ्यांची छापील किंमत अजून जुनीच लावलेली दिसते. काकांना त्या स्ट्रिप दाखवून विचारा.

वॉलेटमधले ४,१५० मूळ खात्यात परत मागा, लेखी. दिले नाहीत तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेही जमलं नाही तर त्यातून आईंची थायरॉइडची मोठी बाटली आणि शुगर तपासायच्या पट्ट्या मागवून वॉलेट रिकामं करा. त्या दहा दिवस उशिरा आल्या तरी कुणाचं काही अडणार नाही.