पहिलं लॉटरी तिकीट घेतोयस ना, मग हे वाच

भावा, दादर स्टेशनबाहेर तिकीट घेणार असशील तर आधी ते उलटसुलट करून नीट बघ, महाराष्ट्र राज्य लॉटरीचं नाव, सोडतीची तारीख, सिरीज, नंबर सगळं छापलेलं पाहिजे. चिठ्ठीवर पेनने आकडा लिहून देत असेल तर तो मटका, सरळ पुढे चालू पड. १९९८ च्या केंद्राच्या कायद्यात स्पष्ट आहे की एक आकडी नंबरावर बक्षीस ठेवताच येत नाही आणि सोडत राज्यानेच काढायची, त्यामुळे मटक्याचे आकडे घेणारा ओपन-क्लोजवाला कितीही गोड बोलला तरी ते सरकारी नाही. तसा मटका म्हणजे मुंबईचाच जुना रोग, सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर पैजा लागायच्या, मग मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले, आणि लोकांना यातून सोडवायला म्हणून सरकारने १९६९ ला स्वतःची लॉटरी काढली (केरळने तर १९६७ लाच).

लकी नंबर वगैरे सोड रे. पाच आकडी नंबर म्हणजे १ लाख शक्यता, वर १० सिरीज असल्या की झाल्या १० लाख, आणि मागच्या वेळी ७ वर संपणारा लागला म्हणून यावेळी काहीही फरक पडत नाही. जुन्या आकड्यांचे चार्ट विकणाऱ्यांचं पोट आहे त्यावर, तुझं नाही.

चुकून लागलंच तर तिकिटाच्या मागे लगेच नाव-पत्ता लिही, सही कर. मोठ्या बक्षिसावर ३०% टीडीएस (म्हणजे आधीच कापला जाणारा आयकर) कापूनच पैसे हातात येतात, तिथे गुंतवणुकीवरची करसवलत बिवलत काही चालत नाही. मुदतीत क्लेम नाही केला तर सगळं सरकारजमा. आणि उधारीवर तिकीट? अजिबात नको.