बेल विच बँडचा 'मिरर रीपर' हा अल्बम लोकांना एवढा का आवडतो? 83 मिनिटांचं एकच गाणं खरंच कोणी पूर्ण ऐकतं का?

तुम्ही लिहिलंय की मित्रानं लिंक पाठवली, दहा मिनिटं ऐकलं, तेवढ्यात ढोल मोजून पाचसहा वेळा वाजला, मग बंद केलं, आणि लोक 'ढसाढसा रडलो' वगैरे लिहितात ते खरं की नुसती हवा. वाचून हसू आलं, कारण मी पहिल्यांदा सहाव्याच मिनिटाला बंद केला होता, तुम्ही माझ्यापेक्षा चार मिनिटं जास्त टिकले.

आधी माझं सांगतो म्हणजे कोण बोलून राहिला ते कळेल. मी यवतमाळ जिल्ह्यातला, घरची शेती, अमरावतीला हॉस्टेलला असताना रूममेटनं पेनड्राइव्हमधून मेटल, म्हणजे ते जड, कर्कश रॉक संगीत, चिकटवलं ते आजपर्यंत सुटलं नाही. गावात मेटल ऐकणारा मी एकटाच. माय अजूनही म्हणते, "काय लावलं रे बापा हे, कोनाच्या अंगात आल्यावानी आवाज येऊन रायला."

हा अल्बम मेटलच्या ज्या प्रकारातला आहे त्याला फ्युनरल डूम म्हणतात, ते काय ते आता थोडक्यात, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. डूम मेटलचं मूळ ब्लॅक सॅबथमध्ये, 1970 चा त्यांचा पहिला अल्बम, इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमची कारखान्यातली पोरं, गिटारवाल्या टोनी आयोमीच्या बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात मशीनमध्ये तुटली होती, पुढं त्यानं तारा ढिल्या करून खालचा जाड सूर काढला आणि तिथून हा संथ, जड प्रकार निघाला. मग 90 च्या दशकात फिनलंडच्या पोरांनी तेच आणखी मंद केलं, इतकं की दोन ठोक्यांच्या मध्ये माणूस चूळ भरून येईल. थरगोथॉनचा 'स्ट्रीम फ्रॉम द हेवन्स' 1994 चा, स्केप्टिसिझमचा 'स्टॉर्मक्रोफ्लीट' 1995 चा, हे या प्रकारातले आद्य पुरुष समजा. फ्युनरल म्हणजे मयत, नाव तिथूनच.

बेल विच ही अमेरिकेतल्या सिएटलची जोडी. दोघंच. आणि गंमत म्हणजे यांच्यात नेहमीची गिटारच नाही, मेटल बँड आणि गिटार नाही म्हणजे वऱ्हाडात लग्न आणि वांग्याची भाजी नाही असं झालं. डिलन डेस्मंड सहा तारांचा बेस, म्हणजे खालच्या जाड सुराची बेस गिटार तेवढी, वाजवतो, दोन्ही हातांची बोटं तारांवर दाबून, म्हणजे एका हातानं खालचा घरघरता सूर आणि दुसऱ्या हातानं वरची चाल, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दोन माणसं वाजवून राहिली असंच वाटते. दुसरा जेसी श्राइबमन, ढोल आणि ऑर्गन. अल्बम आला ऑक्टोबर 2017 मध्ये. मधात कुठं थांबा नाही, गाणं एकच, एका सीडीत मावत नाही एवढं लांब.

आणि तुम्हाला मित्रानं बहुतेक हे सांगितलं नसंल. या बँडचा आधीचा ढोलवाला होता एड्रियन ग्वेरा, डेस्मंडच्या सोबत बँड उभा करणाराच तो, 2015 ला बाहेर पडला आणि 2016 मध्ये वारला. तेव्हा यांचं या अल्बमवर काम सुरूच होतं. मग त्यांनी काय केलं, आधीच्या 'फोर फँटम्स' अल्बमच्या वेळचं त्याच्या आवाजाचं न वापरलेलं रेकॉर्डिंग पडून होतं ते काढलं आणि या गाण्याच्या मध्यावर बसवलं. म्हणजे आवाज येतो, अन् ज्याचा आवाज आहे तो माणूस नाही. हे माहीत नसताना मी तो भाग दोनदा ऐकून गेलो होतो, काही वाटलं नव्हतं. माहीत झाल्यावर तिसऱ्यांदा ऐकला तेव्हा इअरफोन काढून ठेवावे लागले.

पण रडले म्हणतात ते एवढ्याचसाठी का, तर मला तसं वाटत नाही. ही गोष्ट माहीत नसलेलेही या अल्बमवर जीव टाकतात. माझ्यापुरतं कारण वेगळंच आहे आणि ते जरा लांबून सांगावं लागंल.

आमचे आबाजी गेले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. लहाने काका पुण्याला, ते निघाले सात वाजताच्या ट्रॅव्हल्सनं, म्हणजे सकाळी नऊ-दहाच्या आत पोचत नाही. तर माती दुसऱ्या दिवशी करायचं ठरलं आणि तालुक्यावरून शवपेटी आणली, ती काचेच्या झाकणाची, फ्रीजवाली. ओसरीत ठेवली. बाया आतल्या खोलीत, माणसं अंगणात ताडपत्रीवर. पहिले दोन तास रडणं, फोन, कोणी कोणाला सांगायचं राहिलं ते, मंडपवाला, लाकडं, गोवऱ्या, सगळं झालं. दहा वाजता सगळं संपलं. आता करायला काहीच नाही. शेजारच्यांनी काळा चहा आणला तो प्यायलो, परत बसलो.

आणि त्या पेटीचा कॉम्प्रेसर. गावात रात्री व्होल्टेज कमी, तो सुरू व्हायचा तेव्हा आधी एक झटका, खाट् करून, मग खालच्या सुरात घरघर, ती दहा-बारा मिनिटं चालायची, मग हळूच बंद, आणि बंद झाल्यावर एकदम लक्षात यायचं की आतापर्यंत आवाज येत होता. मग शांत. कुठंतरी कुत्रं. मग बसल्या बसल्या सगळ्यांचं लक्ष नकळत तिकडंच, आता सुरू होईल, आता होईल. खाट्. परत घरघर. अशी अख्खी रात्र. मी मोजलं नाही पण पाठ झालं होतं ते. एक म्हातारा, आबाजींच्या सोबतचा, पेटीला हात लावून बसला होता, कॉम्प्रेसर सुरू झाला की त्याचा हात थरथरायचा आणि बंद झाला की थांबायचा, मला आधी वाटलं तो रडून राहिला, पण नाही, डोळे कोरडे होते, पेटीच हलत होती.

सकाळी काका आले, हंबरडा फुटला, भजनी मंडळ आलं, टाळ, मृदंग, पुढं डफडं, आणि आबाजी वाजतगाजत गेले. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाची अंतयात्रा काही संथ नसते, डफड्याची चाल चांगली जोरात असते, पाय उचलत चालावं लागते. म्हणून मला आधी या 'फ्युनरल' नावाचंच कोडं पडायचं, मयतीचं संगीत एवढं मंद कसं. ते कोडं त्या रात्रीनं सोडवलं. मिरवणूक जोरात असते, मंद असते ती आदली रात्र. या बँडवाल्यांनी ती आदली रात्र वाजवली आहे.

दीडेक महिन्यानं, तेरवी वगैरे सगळं उरकून, हरभऱ्याला पाणी चालू होतं आणि लाईन रात्रीची. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी, की शेतीपंपाला वीज आळीपाळीनं मिळते, कधी दिवसा, कधी रात्री, रात्रीची पाळी असली की थंडीत शेतावर जाऊन जागावं लागते, वरून रोही आणि रानडुकरं आहेतच. मी आणि आमचे सालदार काका, दोघं जण. स्प्रिंकलर लावला की एका जागी तीनेक तास चालू ठेवायचा, मग पाईप उचलून पुढं. तीन तास करायचं काय. मोबाईलला ब्लूटूथ स्पीकर होता, मी सगळं चाळता चाळता हा अल्बम लावला, अर्धवट सोडलेला.

सुरवातीला नुसता बेस, एक सूर, तो विरत जातो, विरत जातो, पूर्ण विरायच्या आधी दुसरा. पाचेक मिनिटं झाली असतील, काका शेकोटीजवळून म्हणाले, "भाऊ, तुमचा मोबाईल हँग झाला वाट्टे." मी म्हटलं नाही काका, गाणंच असं आहे. ते म्हणाले, "असं कसं गानं, गाय हंबरून रायली त्यापेक्षा." आणि घोंगडं ओढून घेतलं. मी काही बोललो नाही कारण तोवर मी पुढच्या ठोक्याची वाट पाहून राहिलो होतो, आणि वाट पाहता पाहता लक्षात आलं की ही वाट ओळखीची आहे. आता येईल, आता येईल. खाट्. ती ओसरी, ती पेटी. आबाजी गेले तेव्हा मी रडलो नव्हतो, मोठा नातू, धावपळ माझ्याकडंच होती, लाकडापासून पत्रावळीपर्यंत. त्या रात्री शेतात रडलो. काका घोरत होते, बरं झालं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून हे आहे. आपल्याकडं माणूस गेला की कामं खूप असतात आणि ती चांगलीच असतात, माणसाला उभं ठेवतात, पण नुसतं बसून राहायला वेळ मिळते तो त्या एका रात्रीपुरता, मग दहावा, तेरवी, वाटण्या, सातबारावरचं नाव, आणि एक दिवस पाऊस पडला की सगळे पेरणीला. हा अल्बम ते नुसतं बसणं परत काढून देते, 83 मिनिटं. यात कोणी तुम्हाला समजावत नाही, धीर धरा म्हणत नाही. माझ्यासारखे ऐकणारे यातच अडकतात.

बाकी हेही खरं की काही जण नुसते भाव खातात, मी 83 मिनिटं ऐकलं अन् तू नाही, असलं. त्यांच्याकडं लक्ष देऊ नका. आणि अल्बम काही देवाचा प्रसाद नाही, माझ्या मते पहिल्या अर्ध्यात दहाएक मिनिटं कमी असती तरी चाललं असतं, आणि घोगऱ्या आवाजातले शब्द मला आजही कळत नाहीत, शोधून वाचले पण नाहीत, वाचावेसे वाटले नाहीत. उत्तरार्धात मात्र एरिक मॉग्रिज नावाचा पाहुणा गायक साध्या गळ्यानं गातो, ढोल जवळजवळ थांबलेला, ते ऐकायला भाषा लागत नाही.

काही जण म्हणतील एवढं संथ ऐकायची आपल्या लोकांना सवय नाही. का नाही? उस्ताद अमीर खाँ साहेबांचा अतिविलंबित ख्याल घ्या, झुमरा ताल, चौदा मात्रा, समेवर यायला इतका वेळ घेतात की नवीन माणूस म्हणते तबला बंद पडला. आमच्या सालदार काकांच्या हिशोबानं तेही हँगच. फक्त तिथं सम आली की 'वाह' म्हणायची सोय आहे, इथं तेवढीही नाही. आणि भजनात पेटीवाला शेवटी सूर धरून ठेवते, टाळ थांबल्यावर, तो सूर आवडत असंल तर हेही जमंल.

आता तुमचे दहा मिनिटं काऊन फसले त्याचा माझा अंदाज. तुम्ही मोबाईलच्या स्पीकरवर ऐकलं असंल. या अल्बमचा अर्धा जीव खालच्या सुरात आहे आणि मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरातून तो खालचा सूर येतच नाही, मग उरते काय तर मधून मधून ढप् ढप्. बरा हेडफोन घ्या किंवा मोठा स्पीकर. दुसरं, यूट्यूबवर असंल तर जाहिराती बंद करायची काहीतरी सोय करा, मला बरोबर ग्वेराच्या आवाजाच्या भागात कपाशीच्या बियाण्याची जाहिरात लागली होती, एक माणूस नाचत नाचत बोंडं दाखवून राहिला, तो प्रसंग मी विसरणार नाही. तिसरं, दिवसा ऐकू नका, आणि दुसरं काम करत असाल तर असं निवडा ज्यात डोकं लागत नाही, तुरीच्या शेंगा सोलणं, ठिबकच्या नळ्या गुंडाळणं, असं.

एकदम 83 मिनिटं झेपत नसतील तर आधी स्केप्टिसिझम ऐका, त्यात ऑर्गन आहे, त्या ऑर्गनला धरून चालता येते, अंधारात भिंतीला हात लावून चालल्यासारखं. किंवा जर्मनीच्या अहाब बँडचा 2006 चा 'द कॉल ऑफ द रेचेड सी', तो त्या देवमाशाच्या मागं लागलेल्या कप्तानाच्या जुन्या कादंबरीवर आहे, त्यात निदान गोष्ट आहे, लाटा आहेत, तासाभराच्या आसपास संपते. थरगोथॉन शेवटी ठेवा, रेकॉर्डिंग कच्चं आहे, पहिल्या झटक्याला विहिरीतून आल्यासारखं वाटते.

एक गोष्ट गंभीरपणे. घरात नुकतंच कोणी गेलं असंल तर लगेच आणि एकट्यानं ऐकू नका. मला दीड महिन्यानंतर झेपलं, पहिल्या आठवड्यात झेपलं नसतं, आणि माझ्या एका मित्रानं वडील गेल्याच्या चौथ्या दिवशी लावलं होतं, त्यानं नंतर अख्खं मेटलच बंद केलं, आता फक्त भीमगीतं ऐकते. त्याच्याशी मी या विषयावर वाद घालत नाही.

परत प्रयत्न केला तर इथं खाली सांगा कसं वाटलं ते. पण 83 मिनिटं झाल्यावर, अकराव्या मिनिटाला नाही.